वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी: फरकांचा तक्ता नेमका कुठून सुरू करावा?

वर्गशिक्षिका

नमस्कार मंडळी. मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या आठवड्यात पेशीचा धडा घ्यायचा आहे. तो नेहमीचा तक्ता तुम्हां सगळ्यांना ठाऊक असेलच. डावीकडे वनस्पतीपेशी, उजवीकडे प्राणीपेशी. पेशीभित्तिका आहे, नाही. हरितलवके आहेत, नाहीत. रिक्तिका मोठी, रिक्तिका लहान. तारककेंद्र (पेशीविभाजनात मदत करणारी रचना) नाही, आहे. मुलं दोन दिवसांत घोकून टाकतात, पेपरात पैकीच्या पैकी मार्क घेतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

माझ्या मते हे मुद्दे सुटे सुटे शिकवल्यामुळे असं होतं. पेशीभित्तिकेपासून सुरुवात केली तर बाकीचे बरेच मुद्दे तिच्या मागोमाग आपोआप येतात. भिंत आहे म्हणून आत कितीही पाणी शिरलं तरी पेशी फुटत नाही. फुटत नाही म्हणून पाण्याने भरलेली एवढी मोठी रिक्तिका बाळगता येते. भिंत आहे म्हणून पेशी जागची हलत नाही. आणि भिंत आहे म्हणूनच विभाजनाच्या वेळी कडेने खाच पडत नाही, मधोमध नवं पेशीपटल, म्हणजे नवी आडभिंत, घालावं लागतं. अशी साखळी लावून दिली तर घोकायला उरतंच काय?

जाणकारांना दोन प्रश्न. विज्ञानाच्या दृष्टीने ही साखळी बरोबर आहे का? आणि दुसरं, शाळेत धड चालणारा सूक्ष्मदर्शक एकच आहे, वर्गात साठेक मुलं. त्यांना काय काय दाखवावं?

निवांत

कांद्याची साल दाखवा. स्वस्तात काम, आणि उरलेला कांदा मिसळीवर घाला.

हिरवाचाफा

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

साखळी बऱ्याच अंशी बरोबर आहे. आधी पाण्याचं बघू. पेशीच्या आत क्षार, साखरा, आम्लं विरघळलेली असतात. मुळांभोवती त्यामानाने साधंच पाणी असतं. त्यामुळे परासरणाने पाणी सतत आत शिरत राहतं. प्राणीपेशीला अडवायला फक्त पातळ प्रद्रव्यपटल. तांबड्या रक्तपेशी ऊर्ध्वपातित पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात, म्हणून तर सलाइन ०.९ टक्के मिठाचं असतं. वनस्पतीपेशीही फुगते, पण पटल भिंतीला जाऊन टेकतं आणि भिंत त्याला मागे रेटते. नुसती ट्यूब हवा भरत गेलात तर फुटेल, तीच टायरमध्ये बसवून भरली तर गाडीचं वजन पेलते, तसं आहे हे. आणि दाब किती? मोटारीच्या टायरात बाहेरच्या हवेपेक्षा सव्वादोन वातावरणं जास्त दाब असतो. पानाच्या पेशीत तो तीनपासून दहापर्यंत सहज जातो. ताज्या पालकाच्या पानात हाड नाही की काडी नाही, तरी जुडी ताठ उभी राहते ती या दाबावर.

आता रिक्तिका. पूर्ण वाढलेल्या पेशीत ती ८० ते ९० टक्के जागा व्यापते. पेशीद्रव्य आणि केंद्रक भिंतीलगत पातळ थरात सरकलेले असतात. झाडाचा यात फार मोठा फायदा आहे. प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतो आणि तो मिळवणं कष्टाचं. पाणी त्यामानाने स्वस्त. पेशी पाण्याने फुगवून मोठी केली की थोड्या मालात ऊन झेलणारं मोठं पान तयार होतं. भिंत नसती तर हे शक्यच नव्हतं.

एका मुद्द्यावर मात्र सावध राहा. "वनस्पतींना तारककेंद्र नसते" हे भिंतीला जोडू नका, आणि सरसकट खरंही मानू नका. नेच्यांच्या, शेवाळींच्या आणि सायकसच्या पुंपेशींना पोहण्यासाठी कशाभिका (चाबकासारखे हलणारे धागे) असतात आणि तिथे त्या पेशी बनताना तारककेंद्रासारखी रचना तयार होते. बंगल्यांच्या दारात शोभेला लावतात तोच सायकस. त्याच्या पोहणाऱ्या पुंपेशी १८९६ साली जपानमध्ये इकेनो यांनी दाखवल्या. फुलझाडांनी पोहणं सोडलं, तारककेंद्रही गेलं.

सदाशिवपेठी

ताईंचा पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो.

भिंत हे मूळ धरलं तर अळंबीचं काय करणार? बुरशीला भिंत असते, कायटिनची. बहुतेक जीवाणूंनाही असते, तिचं रसायन आणखी वेगळं. त्यांची झाडं झाली नाहीत. उलट समुद्रात ट्युनिकेट नावाचे प्राणी आहेत, ते चक्क झाडांच्या भिंतीतलं सेल्युलोज बनवतात आणि तरी प्राणीच आहेत. म्हणजे भिंतीवरून वनस्पती ओळखता येत नाही.

खरा मुद्दा हरितलवकाचा. ऊन जागेवर मिळतं, त्याच्यामागे धावावं लागत नाही. ज्याला धावायचं नाही त्यालाच भिंत परवडते. वाघाच्या स्नायूंच्या पेशींना कडक भिंती असत्या तर त्याला एक पाऊलही टाकता आलं नसतं. तेव्हा तक्ता हरितलवकापासून सुरू करा, भिंत त्यामागून येऊ द्या.

आणि हरितलवकाची गोष्ट मुलांना जास्त आवडेल. एक अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी एका पेशीने उन्हावर अन्न बनवणारा नीलहरित जीवाणू गिळला आणि तो पचलाच नाही, आतच राहिला, आणि त्याचंच पुढे हरितलवक झालं. हरितलवकाला दोन पटलं का असतात, स्वतःचा डीएनए का असतो, ते आपलं आपण का विभागतं, या सगळ्याचं उत्तर तिथे आहे. मेरेश्कोव्स्की यांनी ही कल्पना १९०५ मध्ये मांडली, पण लोकांनी ती मनावर घेतली ती लिन मार्ग्युलिस यांच्या १९६७ च्या लेखानंतर.

डोंगरयात्री

पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर कुजक्या ओंडक्यांवर छत्र्या उगवतात. त्यांच्यात हिरवेपणा नाही, भिंत आहे, आणि जागच्या हलत नाहीत. म्हणजे न हलण्याचं श्रेय भिंतीलाच गेलं की. हा गुण वर्गशिक्षिकांना.

सदाशिवपेठी

@डोंगरयात्री, अर्धा गुण. अळंबी हलत नाही, पण तिचे तंतू अन्नाकडे वाढत जातात, पाचकरस बाहेर सोडतात आणि पचलेलं आत शोषतात. भिंतीमुळे घास गिळता येत नाही म्हणून हा उपाय. अमीबाला भिंत नाही, तो सरळ गिळतो. आपल्या पांढऱ्या पेशी जीवाणू गिळतात, त्यांनाही भिंत नाही. तेव्हा मी माझं म्हणणं जरा नीट मांडतो: भिंत आली की गिळणं बंद. मग दोनच वाटा उरतात, बाहेर पचवून शोषा नाहीतर स्वतः अन्न बनवा. बुरशीने पहिली धरली, झाडांनी दुसरी.

कुतूहल

सदाशिवपेठी, हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पण यातून भिंतच मुळाशी आहे असं सिद्ध होतंय ना? तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लढताय!

रेवाची_आई

एक साधा प्रश्न. माझ्या मुलीला शिकवणीत सांगितलंय की प्राणीपेशीत तंतुकणिका असतात आणि वनस्पतीपेशीत त्यांच्या जागी हरितलवके. हे बरोबर आहे का? तिने तसंच चित्र काढलंय.

हिरवाचाफा

अजिबात नाही, आणि ही समजूत फार पसरलेली आहे म्हणून ठासून लिहिते. तंतुकणिका दोन्हीकडे असतात. हरितलवक उन्हातली ऊर्जा वापरून साखर बनवतं. ती साखर पेशीच्या कामाला लावायची तर शेवटी तंतुकणिकेतच श्वसन व्हावं लागतं. आणि मुळं बघा ना. जमिनीखाली अंधार, हरितलवक एक नाही, तरी ती क्षार शोषण्याचं कष्टाचं काम अहोरात्र करतात. ती ऊर्जा तंतुकणिकांचीच. कुंडीत पाणी साचलं की मुळं गुदमरून कुजतात ती याचमुळे, श्वसनाला ऑक्सिजन मिळत नाही.

रेवाला सांगा, वनस्पतीपेशीच्या चित्रात दोन्ही काढ. आणि कांद्याच्या सालीचं चित्र असेल तर हरितलवक काढूच नकोस, कारण कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. "हरितलवक नाही म्हणजे प्राणीपेशी" असं म्हणणाऱ्या मुलाला कांदाच हातात द्यावा.

रेवाची_आई

धन्यवाद ताई. चित्र आजच बदलायला लावते.

रानमेवा

याच मुद्द्याला जोडून. लवकं एकमेकांत बदलतात हेही सांगा की मुलांना. हिरवा टोमॅटो लाल होतो तेव्हा हरितलवकाचंच वर्णलवक होतं. आणि मंडईतून आणलेला बटाटा खिडकीत राहिला की हिरवा पडतो, तेव्हा स्टार्च साठवणारं लवक उजेडाने हरितलवक होतं. (हिरवा भाग कापून टाका, त्यासोबत सोलॅनिन वाढतं. ते विषारी आहे.)

अणुरेणू

प्रयोगशाळेत रोज प्राणीपेशी वाढवतो, त्यामुळे उजव्या रकान्याची बाजू मांडतो. या तक्त्यात प्राणीपेशीवर फार अन्याय होतो. नाही, नाही, नाही असंच लिहीत जायचं. जणू वनस्पतीपेशीतून चार गोष्टी वजा केल्या की प्राणीपेशी झाली.

भिंत नसण्याने काय मिळालं ते बघा. पेशीला आकार बदलता येतो, सरपटता येतं. काचेच्या बशीत वाढवलेली त्वचेखालची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती पुढच्या बाजूला पातळ पदर पसरते, तो तळाला चिकटवते आणि मागचा भाग ओढून घेते. जखम भरते ती अशीच. गर्भात चेतापेशींच्या पूर्वज पेशी पाठीकडून निघून चेहऱ्यापर्यंत आणि आतड्यापर्यंत प्रवास करतात. स्नायू आकुंचन पावू शकतो, चेतापेशीचा तंतू मीटरभर लांब होऊ शकतो. पेशींना धरून ठेवायला प्राण्यांनी भिंतीऐवजी बाहेर कोलॅजेन या प्रथिनाचं जाळं विणलं, ते लवचीक आहे.

याची किंमतही आहे. पेशी हलू शकते म्हणूनच कर्करोगाची पेशीही मूळ गाठीतून सुटून दुसऱ्या अवयवात जाऊन बसते. झाडांनाही गाठी येतात. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू खोडावर मोठी गाठ आणतो. पण त्या गाठीतल्या पेशी भिंतींनी शेजारणींना जखडलेल्या, त्यामुळे प्राण्यांतल्यासारख्या सुट्या होऊन झाडभर पसरत नाहीत. हा मुद्दा आठवीच्या मुलांनाही समजतो, मी एका शाळेत सांगून पाहिलाय.

वर्गशिक्षिका

अणुरेणू, हे अतिशय मोलाचं. उजवा रकाना मी आता "नाही" या शब्दाशिवाय लिहायचं ठरवलंय.

गच्चीवाली

मला पेशीतलं फार कळत नाही, पण गच्चीवर भाजी लावते म्हणून एक शंका. भिंत एवढी भक्कम आहे तर भेंडीला हळद्या कसा होतो? विषाणू आत शिरतो कुठून? आणि एका पानावरून सगळं झाड कसं व्यापतो?

हिरवाचाफा

गच्चीवाली, प्रश्न नेमका आहे. प्राण्यांचे विषाणू पेशीच्या पटलावर चिकटून आत शिरतात. झाडाच्या बाबतीत मध्ये भिंत, त्यामुळे विषाणूला कोणीतरी भोक पाडून द्यावं लागतं. भेंडीच्या हळद्याला पांढरी माशी ते काम करते, पपईच्या रिंगस्पॉटला मावा. त्यांची सोंड भिंतीतून पार होते. म्हणून हळद्यावर फवारणी असते ती माशीवर, विषाणूवर नव्हे.

आणि आत गेल्यावर पसरतो कसा? शेजारशेजारच्या वनस्पतीपेशींच्या भिंतींतून अतिसूक्ष्म नलिका आरपार गेलेल्या असतात. त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात, रुंदी साधारण ५० नॅनोमीटर. टांगल यांनी १८७९ मध्ये त्या पहिल्यांदा पाहिल्या. एका पेशीचं पटल आणि पेशीद्रव्य त्यातून थेट पुढच्या पेशीत जातं. साखर, संप्रेरकं तिथून जातात. विषाणू आपलं एक खास प्रथिन वापरून ही वाट रुंद करतो आणि पुढे सरकतो. यातल्या बऱ्याच नलिका विभाजनाच्या वेळीच राहतात. नवं पेशीपटल मधोमध घातलं जात असताना आंतर्द्रव्यजालिकेचे (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याचे) धागे त्यात अडकतात, आणि तिथेच वाट उरते.

डोंगरयात्री

भिंतीला कान असतात हे ऐकून होतो. दारंही असतात हे आज कळलं.

मधुमालती

भाजीचा विषय निघालाच आहे तर अळूचं कोणी सांगेल का? घशाला खाजतं ते पेशीमुळेच ना?

रानमेवा

हो. अळूच्या काही खास पेशींच्या रिक्तिकेत कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुयांचा जुडगा भरलेला असतो. पान चावलं की त्या सुया सुटतात आणि जिभेला, घशाला टोचतात. पानाचा देठ मोडून त्याचा रस काचपट्टीवर घेतला तर साध्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकातही दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा सुया लख्ख दिसतात. सुट्याही आणि जुडगेही. रस बोटाला लागू देऊ नका.

वडाच्या आणि रबराच्या पानातही असंच, फक्त तिथे कॅल्शियम कार्बोनेटचा द्राक्षाच्या घोसासारखा खडा पेशीच्या भिंतीवरून आत लोंबत असतो. अकरावीच्या प्रात्यक्षिकात असायचा तो.

मधुमालती

म्हणजे फतफत्यात चिंच घालायची ती उगाच नाही. आणि पेरू खाताना दाताखाली जे रवाळ लागतं ते?

रानमेवा

त्या अश्मपेशी. भिंत जाड होत होत, लाकडाला टणक करणारं लिग्निन भरत भरत आतली पेशी मरून जाते आणि नुसती भिंत उरते. पेरूत बियांपेक्षा सालीकडच्या गरात जास्त.

वऱ्हाडी_पुणेकर

कापूस राहिला की राजेहो! आमच्याकडचं पांढरं सोनं. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. एकच! अडीच-तीन सेंटिमीटर लांब. बोंड उकलेपर्यंत आतला जीव गेलेला असतो आणि राहते ती भिंत, जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. आपण अंगावर घालतो तो सदरा म्हणजे पेशीभित्तिकाच. मुलांना शाळेच्या गणवेशावरून सांगा, सुती असेल तर.

कडूनिंब

धागा शाळेतून निघाला, मंडईत फिरला, आता कापडबाजारात पोचला. मूळ प्रश्नाकडे वळूया का? भिंत आधी की हिरवेपणा आधी, हे अजून ठरलेलं नाही.

निवांत

ठरायचंय कशाला, धागा छान चाललाय.

चष्मेबद्दूर

मी इतिहासाच्या बाजूने थोडं सांगतो. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात जे खण पाहिले त्या मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या. आतलं काहीच त्याला दिसलं नव्हतं. पुढची दीडशेहून जास्त वर्षं अभ्यासकांची नजर बरीचशी भिंतीवरच खिळलेली राहिली. त्यामुळे प्राण्यांत पेशी ओळखणं अवघड गेलं, कारण तिथे अशा ठसठशीत भिंतीच नाहीत. मग १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींत केंद्रक ठळकपणे दाखवलं. श्लायडेन वनस्पतींत तेच बघत होता. श्वानने पुढे सांगितलेली हकीगत अशी की जेवताना श्लायडेनने केंद्रकाचं वर्णन केलं आणि श्वानला आपण प्राण्यांच्या पृष्ठरज्जूत पाहिलेली तशीच गोष्ट आठवली. दोघे तडक प्रयोगशाळेत गेले. १८३८ मध्ये श्लायडेनचं लिखाण आलं, १८३९ मध्ये श्वानचं.

माझं मत: दोन्ही पेशी एकाच कुळातल्या आहेत हे केंद्रकामुळे कळलं. म्हणून आधी साम्य शिकवावं. पटल, पेशीद्रव्य, केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गोल्गी संकुल, रायबोसोम, सगळं दोन्हीकडे. मग फरक. साम्य न सांगता फरक सांगितला की मुलांना वाटतं, हे दोन वेगळे ग्रह आहेत.

अणुरेणू

चष्मेबद्दूरना शंभर टक्के पाठिंबा. एक भर घालतो. पाण्यातल्या हायड्रिलाच्या पानात हरितलवकं भिंतीच्या कडेकडेने गोल फिरताना दिसतात. त्यांना ओढणारं प्रथिन मायोसिन, धावपट्टी अ‍ॅक्टिनची. आपल्या दंडातला स्नायू आकुंचन पावतो तो याच जोडीवर. पेशी भिंतीत बंद आहे, पण आत तेच यंत्र चालू आहे.

वर्गशिक्षिका

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. साम्य आधी, हे पक्कं. पण त्यानंतर भिंत की हरितलवक? सदाशिवपेठींचं म्हणणं पटतंय, पण माझं मन भिंतीकडेच ओढतंय. भिंतीमुळेच हे सगळं आहे याचा काही रोखठोक पुरावा आहे का? म्हणजे भिंत काढून टाकली तर पेशीचं काय होतं, असं कुणी पाहिलंय का?

हिरवाचाफा

पाहिलंय. १९६० मध्ये कॉकिंग यांनी टोमॅटोच्या मुळांवर बुरशीपासून काढलेलं सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं विकर) वापरून भिंत विरघळवली. उरलेल्या उघड्या पेशीला प्रोटोप्लास्ट म्हणतात. भिंत गेल्याबरोबर चौकोनी पेशी गोल गरगरीत होते. साध्या पाण्यात टाकलीत तर रक्तपेशीसारखीच फुटते, म्हणून ती मॅनिटॉलसारख्या साखरेसमान पदार्थाच्या द्रावणात ठेवावी लागते. आणि जिवंत ठेवली तर थोड्याच वेळात नवी भिंत विणायला लागते. नीट विभाजन होतं ते भिंत परत आल्यावर.

माझ्या मते वर्गशिक्षिकांच्या साखळीला याहून चांगला आधार नाही. आकार, न फुटणं आणि विभाजनाची पद्धत, तिन्ही भिंतीवर टेकलेली आहेत हे एकाच प्रयोगात दिसतं. हरितलवक मात्र त्या गोल पेशीत जसंच्या तसं हिरवं असतं, त्याचं काम भिंतीवाचून अडत नाही. म्हणजे ही दोन स्वतंत्र मुळं आहेत. एकातून दुसरं काढायचा आग्रह धरू नये. रचना सांगताना भिंत पुढे ठेवा, अन्न सांगताना हरितलवक.

पुण्यापुरतं एक सांगण्यासारखं: एका पेशीतून किंवा ऊतीच्या तुकड्यातून अख्खं झाड उभं करण्याच्या कामात आपली एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) फार आधीपासून आहे. १९९० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी टिश्यू कल्चरमधल्या बांबूला काही महिन्यांत फुलं आणि बिया आणल्या. एरवी त्यासाठी कित्येक दशकं वाट बघावी लागते. आणि अणुरेणूंच्या बाजूचं बघायचं तर विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, देशभरच्या संशोधकांना लागणाऱ्या प्राणीपेशी तिथे जपून ठेवतात. दोन्ही संस्था पाषाण-गणेशखिंडीच्या पट्ट्यातच आहेत.

सदाशिवपेठी

दोन स्वतंत्र मुळं, हे मान्य. आता वाद नाही.

कडूनिंब

सदाशिवपेठीने वाद नाही म्हटलं! धागा जपून ठेवा रे कुणीतरी.

वर्गशिक्षिका

मग माझा क्रम असा. पहिल्या तासाला कांद्याची साल आणि गालाच्या आतली पेशी, पातळ केलेलं आयोडीन आणि मेथिलिन ब्लू लावून, आणि प्रश्न एकच: दोन्हीकडे सारखं काय दिसतं? दुसऱ्या तासाला भिंत आणि पाणी. तिसऱ्याला हायड्रिला. विभाजन आणि उजवा रकाना चौथ्याला. दुसऱ्या तासाला दाखवायला डोळ्यांना सहज दिसेल असं काही सुचवा. साठ मुलांना एका सूक्ष्मदर्शकातून बघायचंय, प्रत्येकाला फार वेळ मिळणार नाही.

हिरवाचाफा

ऱ्होइओ. पानं वरून हिरवी आणि खालून जांभळी, रस्त्याच्या दुभाजकात आणि सोसायट्यांच्या कुंड्यांत सर्रास असतं. पान तिरकं फाडलं की खालचा जांभळा पापुद्रा सुटतो. त्याचा नखाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबात घ्या. सगळ्या पेशी काठोकाठ जांभळ्या, फरशी बसवल्यासारख्या दिसतील. मग एका कडेने पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून आतलं पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटायला लागतो, आधी कोपऱ्यांतून, मग चहूबाजूंनी, आणि मध्ये गोळा होतो. भिंत आपल्या जागी तशीच राहते, षट्कोनी. हा रससंकोच. परत साधं पाणी सोडलं की रंग पसरत जाऊन भिंतीला टेकतो. फार वेळ मिठात ठेवलं तर मात्र पेशी मरते.

रंग रिक्तिकेत असतो, त्यामुळे आकसते ती रिक्तिका हे वेगळं सांगावं लागत नाही. भिंत, पटल, रिक्तिका तिन्ही एका नजरेत. मुलांना आळीपाळीने बोलवा: निम्म्यांना आकसलेली दाखवा, निम्म्यांना भरलेली, आणि मग त्यांनाच एकमेकांना विचारू द्या.

हायड्रिला मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. कोवळं पान घ्या, आधी अर्धा तास उजेडात ठेवा आणि मधल्या शिरेजवळ बघा. पान दोनच पेशींच्या जाडीचं, कापायची गरज नाही.

गच्चीवाली

ऱ्होइओ माझ्याकडे भरपूर आहे. वर्गशिक्षिका, तुम्ही कोथरूडच्या आसपास असाल तर पिशवीभर पानं देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वर्गशिक्षिका

गच्चीवाली, केला. हिरवाचाफाताई, तुम्ही तर अख्खा तास आखून दिलात.

सदाशिवपेठी

पेपरासाठी एक प्रश्न सुचवतो, घोकून उत्तर देता येणार नाही असा. मिठाच्या पाण्यातल्या त्या आकसलेल्या पेशीत, भिंत आणि पटल यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असतं?

रेवाची_आई

रेवाला विचारलं. ती म्हणते, हवा.

सदाशिवपेठी

बहुतेक जण हेच म्हणतात. तिला विचारा, मीठ भिंतीतून आत जाऊ शकतं का, आणि पटलातून?

रेवाची_आई

पाच मिनिटं खोलीत येरझाऱ्या घातल्या. आता म्हणते, "मिठाचं पाणी. भिंत सगळ्यांना आत येऊ देते, अडवतं ते पटल."

हिरवाचाफा

पूर्ण गुण.